रुसव्याचे प्रायोजक

त्या वर्षांत वऱ्हाडात माईक घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला एकच गोष्ट हवी असायची, ती म्हणजे कोणीतरी रडावं. लांबलांबून गाड्या यायच्या, शेताच्या धुऱ्यावर उभं राहून, कपाशीकडे पाठ करून कोणीतरी गंभीर चेहऱ्यानं बोलायचं आणि निघून जायचं. मला त्याचा भारी राग यायचा. दुःख खोटं होतं असं नाही, आमच्या नात्यागोत्यातही ते होतं. पण ज्या ओसरीवर दुपारी कॅमेरा येऊन गेला, त्याच ओसरीवर संध्याकाळी माणसं एकमेकांची अशी टर उडवायची की हसून पोट दुखावं, आणि ते टिपायला कोणी थांबत नव्हतं. माझं डोकं पहिल्यापासून तिरपं. म्हटलं, हे हसणं आपण जगाला ऐकवू.

मग मी आणि माझी कॉलेजातली मैत्रीण, दोघींनी मिळून इंटरनेटवर रेडिओ काढला. त्याला मनोरा लागत नाही, परवाना लागत नाही, लागतो तो एक संगणक, एक माईक आणि घरच्यांचा संयम. मी अमरावतीला आमच्या घराच्या माडीवर बसायची. ती अकोल्याला तिच्या अब्बांच्या गादी-रजईच्या कारखान्यात, मागच्या खोलीत. तिच्या चारी भिंतींना कापसाच्या गाठोड्यांची थप्पी असल्यामुळे तिचा आवाज असा घट्ट आणि मऊ यायचा की लोक विचारायचे, अकोल्याचा स्टुडिओ कोणी बांधला. माझ्याकडे मागून कुकरच्या शिट्ट्या आणि भाजीवाला.

दोन गावांत दोन स्टुडिओ ही काही ऐट नव्हती, लोडशेडिंग होतं. अमरावतीची लाइट जायची वेळ वेगळी, अकोल्याची वेगळी. इकडे पंखा मंदावला की मी फोनवर ओरडायची, "घे वं!" आणि तिकडून ती माझं अर्धं राहिलेलं वाक्य उचलायची. भातकुलीच्या शेतातली गोष्ट मी सुरू करायची आणि त्यातला बैल अकोल्याला पोचून पाणी प्यायचा. ऐकणारे होते पुण्याला, बंगलोरला, दुबईला, अमेरिकेत. आपल्या बोलीत कोणी भांडलेलं ऐकायला ही माणसं तरसलेली होती. आम्ही हवेत होतो.

जमिनीवर मात्र माझे बाबा होते. आमच्या घरी तह झाला होता. लग्नसराई संपेपर्यंत वर्षभराची एक तरी जाहिरात मिळाली तर रेडिओ चालू राहील, नाहीतर मामानं भातकुलीच्या एका पतसंस्थेत कारकुनाची जागा धरून ठेवली होती, तिथे मी मुकाट्यानं जाऊन बसायचं. बाबा शब्दाचे पक्के. वाईट म्हणजे मीही.

मी दुकानं पालथी घातली. टॉवेल-चादरीच्या एका दुकानात मालकाला मी संगणकावरचा नकाशा दाखवला, त्यात जिथे जिथे आम्हाला कोणी ऐकत होतं तिथे लाल ठिपके. त्यानं अमेरिकेच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "हा माह्या दुकानात टॉवेल घ्याले येईन काय?"

"नाही, पण त्याचे आईवडील इथेच..."

"त्याचे मायबाप मले ओयखते. त्याईले रेडिओ कायले पाहिजे?" मग चहा पाजून म्हणाला, "कापसाचा भाव पाह्यला का पोरी? गिऱ्हाईकच नाही, तं जाहिरात काय भिंतीले ऐकवू?" चहा सगळीकडे मिळायचा. तेवढ्या चहात मी एखादं हॉटेल काढलं असतं.

अकोल्याला अब्बांना आमची काळजी होती. रजईचा दर भरलेल्या कापसाच्या वजनावर ठरतो, म्हणून त्यांनी विचारलं, "बेटा, जाहिरातीचा भाव कशावर?" मी म्हटलं, सेकंदावर. त्यांना ते पटलं नाही. "सेकंद तं सगळ्याईचे सारखेच असते. आत माल किती भरला ते पाहा." तेव्हापासून आम्ही दोघी कोणत्याही जाहिरातीला किलोत मोजायचो. तोवर आमच्याकडे एकच होती, त्यांच्या रजईची, आणि ती घरची म्हणून फुकट.

आणि मग धामणगाव रेल्वेचे काकाजी सापडले. त्यांचं भांड्यांचं मोठं दुकान, आणि धाकट्या मुलीचं लग्न तोंडावर आलेलं. नातेवाईक पुण्याला, सुरतेला, एक पुतण्या मस्कतला. वर्ष वाईट होतं, पत्रिका मोजक्याच छापलेल्या. मंडप लहान केला तर चालतो, पण मान लहान करता येत नाही, हे काकाजींचं दुखणं होतं. मी त्यांना म्हटलं, तुमची पत्रिका आम्ही रेडिओवर वाचतो, सगळ्या नावांसकट. जगात असेल तिथे माणूस ऐकेल.

काकाजींनी डोळे मिटून विचार केला. "सगळे नावं?"

"सगळी."

"मानानं?"

"मानानं."

"मंग लगन नीट पार पडू दे. दुकानाची वर्षाची जाहिरात तुमची." मी धामणगावच्या फलाटावर अक्षरशः उडी मारली आणि शेंगदाणे विकणारी म्हातारी दचकली. तिला मी पेढे आणून दिले. कशाचे म्हणून तिनं विचारलं, तर मी म्हटलं भांड्याचे.

पत्रिकेतली नावं वाचणं हे कीर्तनापेक्षा अवघड काम आहे. कोण आधी, कोण मागून, कोणाच्या आधी 'आदरणीय', कोणाला नुसतं 'श्री.' चालेल, यावर दोन दोन पिढ्या अबोले चालतात. काकाजींनी मला क्रम तीनदा घोकून घेतला होता. थोरल्या आजोबांपासून सुरुवात, मग काका, मामा, मग आत्याचे यजमान, आणि शेवटच्या टप्प्यात, सगळ्या तरुण मंडळींच्या वर, मोठे जावई. पुण्याला हिंजवडीत मोठ्या कंपनीत. त्यांच्या नावाआधी क्षणभर थांबायचं, अशीही सूचना होती.

ठरल्या वेळी मी पदर खोचल्यासारखी बसले आणि नावं सुरू केली. आत्याचे यजमान झाले. मी थांबले, मोठ्या जावयांचं नाव छान ठसक्यात घेतलं, आणि त्याच क्षणी लाइट गेली. इन्व्हर्टरनं एक उचकी दिली आणि तोही गेला. मी फोनवर ओरडले, "घे वं! जावई झाले, पुढचे चुलतभाऊ!" तिनं चुलतभाऊ घेतले, एकही न अडखळता. आम्ही दोन गावांत एकाच वेळी टाळ्या वाजवल्या.

आमच्या यंत्राची एक खोड होती. माझ्या तोंडातून निघालेला शब्द पुढे जाण्याआधी पाच-सहा सेकंद संगणकातच मुरत राहायचा. लाइट गेली की मुरणारे पाच-सहा सेकंद मेले. एरवी त्यात एखादी 'बरं का' नाहीतर भाजीवाला जायचा, कोणाचं काही बिघडत नव्हतं. त्या दिवशी त्यात मोठे जावई गेले.

तिकडे हिंजवडीत जावईबापूंनी सगळ्या हापिसाला गोळा केलं होतं. स्पीकर जोडला होता. आता माझं नाव येतं पाहा, असं सांगून ठेवलं होतं. आत्याचे यजमान आले आणि पाठोपाठ अकोल्याहून चुलतभाऊ. हापिसातल्या एका बंगाली मुलानं विचारलं म्हणे, यातले तुम्ही कोणते?

तासाभरात काकाजींचा फोन. "जवाई रुसला! लग्नाले येत नाही म्हन्ते. तो नाही तं माही पोरगी बी नाही. अन् ते दोघं नाही तं तुमची जाहिरात बी नाही!" लाइट, सेकंद, संगणक, मी सगळं सांगून पाहिलं. काकाजी म्हणाले, "लाइट काय जवायाच्याच नावावर जाते काय?"

मैत्रिणीला सांगितलं तर ती कापसाच्या गाठोड्यावर पडून हसत सुटली. "जवाई म्हटला की रुसनारच. आमच्यात बी रुसते, फक्त बिर्याणीवरून रुसते." मग एकदम उठून बसली असावी, कारण आवाज बदलला. "सुन. नाव रेडिओवर गेलं ना? तं मनधरणी बी रेडिओवरच करू."

आपल्याकडे रुसलेल्या जावयाची समजूत काढणं हा कार्यक्रम असतो. एकानं सांगून तो मानत नाही, मानायचंही नसतं. मामानं जायचं, मग काकानं, शेवटी सासूनं, दर वेळी चार माणसं ऐकायला हवीत. आम्ही तेच केलं, फक्त चार माणसांऐवजी लाल ठिपके. रोज संध्याकाळी एका नातेवाइकाला फोनवर घ्यायचं, दुसऱ्या फोनवर जावईबापू. पहिल्या दिवशी नवरीचे मामा बोलले. जावईबापू म्हणाले, "आमी काही रुसलो नाही. आमी फक्त येत नाही." इतक्या थंडपणे की मीच खुर्चीवर गडबडा लोळले.

दुसऱ्या दिवशी काकू, म्हणजे सासूबाई, धामणगावहून फोनवर आल्या. सुरुवात साखरेत घोळून झाली. "काहून असं करता जवाईबापू, तुमच्यासाठी मी लोनचं घालून ठेवलं." तिकडून नुसतं 'हं'. काकूंची साखर संपली. "मांगच्या लग्नात घड्याळासाठी रुसले, बारशाले पाटावरून रुसले. एक डाव सांगून द्या ना बाप्पा, वर्षातून कितीदा रुसता, म्हंजे मी तसं लोनचं घालतो!" दुबईहून एकानं लिहिलं की गाडी रस्त्याच्या कडेला लावून हसतो आहे. अमेरिकेतल्या एका बाईनं विचारलं, जवाई मानला काय, आमच्याकडे पहाट झाली तरी आम्ही जागे आहोत. नकाशावर लाल पुरळ उठला.

आणि अमरावतीत वार्ता पसरली. पुण्याची पोरं आपल्या घरी फोन करून विचारायला लागली, जवाई आला का, आणि घरचे दुकानात विचारायला लागले, कोणता जवाई. चहा पाजून मला वाटेला लावणारे आता स्वतः जिना चढून वर येऊ लागले. पहिला आला तो पुण्याच्या रातराणी बसवाला. जावईबापूंसाठी खिडकीची सीट राखून ठेवली आहे, एवढंच रोज सांगा म्हणाला. अकोल्याच्या शेरवानीवाल्यानं शेरवानी कबूल केली. परतवाड्याच्या एका व्यापाऱ्यानं गुलाबजामचा खवा. टॉवेलवाला तर धापा टाकत आला. "जवाई येईन तं पाय धुवाले टॉवेल लागनच ना?" मी त्याला चहा पाजला.

मग दर संध्याकाळी मैत्रीण अकोल्याहून गंभीर गळ्यानं जाहीर करायची, "जावईबापूंचा आजचा रुसवा आपल्यापर्यंत पोचवत आहेत..." आणि पुढे सहा दुकानं. ते म्हणताना आम्हा दोघींना हसू आवरायचं नाही. आम्ही माईकचं बटण बंद करून हसून घ्यायचो. अब्बांनी ऐकून पसंतीची मान डोलावली, आता माल भरला म्हणाले.

पण या सुखात एक खडा होता. हे सगळे रुसव्यापुरते. जावई मानला की सहाही दुकानं उठून जाणार, आणि नाही मानला तर काकाजींची वर्षाची जाहिरात जाणार. बाबांपुढे मी सहा दुकानांची नावं ठेवली तर ते वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाले, "रुसव्यावर घर चालत नाही." पतसंस्थेतून मामाचा निरोप येऊन गेला होता. जावईबापूंचाही भाव चढत चालला होता. चौथ्या दिवशी त्यांनी मला खाजगीत विचारलं, बंगलोरहून किती लोक ऐकतात. मी कपाळाला हात लावला. हा माणूस आता लग्न होईपर्यंत मानत नाही.

लग्न दोन दिवसांवर आलं तेव्हा काकाजी आणि काकू खरेदीला अमरावतीला आले होते. तिथून ते थेट आमच्या माडीवर आले. आज मी स्वतः बोलतो, म्हणाले काकाजी. सासऱ्यानं हात जोडणं म्हणजे शेवटचा इलाज, त्यापुढे काही नसतं. काकू पिशव्या सांभाळत कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या. मी काकाजींपुढे माईक सरकवला, स्पीकरवर पुण्याचा फोन लावला. काकाजींनी घसा साफ केला, टोपी काढून मांडीवर ठेवली. मला त्या टोपीकडे पाहवेना.

फोन जावयानं उचललाच नाही. उचलला मोठ्या मुलीनं.

"बाबा, टोपी घाला डोक्यावर," ती म्हणाली. तिला न पाहता कसं कळलं कोण जाणे. "आज मी बोलून राहिली. आठ दिवस झाले, त्याईचं नाव राह्यलं, त्याईचं नाव राह्यलं. अमेरिकेतून लोकं इचारून राहिले. त्याईच्यासंगं मी बी राह्यली, ते कोनी इचारलं काय? माह्या सख्ख्या बहिणीचं लगन आहे."

"तसं नाही वं बेटा..."

"अन् नाव आलं असतं तरी मी कुठी होती? सौ. व श्री. म्हनून त्याईचंच आलं असतं. माहं नाव तं तुमीच ठेवलं होतं ना बाबा?" मग तिचा आवाज एकदम हलका झाला. "मी आजच्या गाडीनं निघून राहिली. त्याईले यायचं असन तं येतीन. नसन यायचं तं घरी तांदूळ आहे, कुकर आहे. तुमच्याच दुकानातला आहे, शिट्टी चांगली मारते." आणि फोन ठेवला.

आमच्या रेडिओवर इतकी झकास जाहिरात पुन्हा कधी झाली नाही. कुकरची चौकशी मस्कतहूनसुद्धा आली. हेही सांगून टाकते की जावईबापू त्याच गाडीला, त्याच खिडकीच्या सीटवर बसून आले, बायकोच्या मांडीवर मूल आणि यांच्या मांडीवर बॅग. लग्नात त्यांनी वाढप केलं आणि कोणाशी रुसले नाहीत. काकाजींनी वर्षाची जाहिरात दिली, बाबांनी स्वतः मामाला फोन करून जागा सोडायला सांगितली, आणि मी माडीवरून इतक्या जोरात ओरडले की भाजीवाला आत डोकावून गेला.

पण त्या संध्याकाळी हे काही ठाऊक नव्हतं. फोन बंद झाला होता, माईक चालू होता, आणि काकाजी बायकोकडे वळून हळूच म्हणाले, "हिचं नाव कसं काय राह्यलं वं?"

काकू पिशवीतल्या बांगड्या मोजत होत्या. वर न पाहता म्हणाल्या, "माहं तरी कुठी होतं?"

त्यात राग नव्हता, तक्रारही नव्हती. दुधाचा हिशोब सांगावा तसं सांगितलं. मला बटण बंद करायचं सुचलं नाही.

काकाजींनी टोपी घातली. "वाच वं पोरी. पुन्हा वाच. आता बायाईचे नावं." आणि ते सांगू लागले. स्वतःच्या आईचं सांगितलं. दोन्ही मुलींची सांगितली. पुढे मोठ्या वहिनीपाशी अडले. जन्मभर 'मोठी वैनी' म्हटलेलं, नाव काय होतं तिचं? काकूंनी सांगितलं. मामीचं काकूंनी सांगितलं, आत्याचं, चुलत सुनांचं, मस्कतच्या सुनेचं सुद्धा. एकही चुकलं नाही. त्यांना मजा वाटायला लागली, बांगड्या बाजूला ठेवून त्या बोटांवर नावं घेऊ लागल्या आणि मी त्यांच्या मागून माईकवर ती घेत गेले. अशी धावपळ मी आयुष्यात केली नाही. हसत, धापा टाकत, सबंध खानदानातल्या बायका आम्ही हवेत सोडल्या.

शेवटी काकाजी म्हणाले, "अन् ही." त्यांनी काकूंचं नाव सांगितलं.

"ते तं तुमी ठेवलेलं, लग्नातलं," काकू म्हणाल्या. जरा लाजल्या. "माहेरचं वाचलं तं चालते काय?"

काकाजींनी मान डोलावली. काकूंनी ते नाव माझ्या कानात सांगितलं. चारच अक्षरं होती, खेड्यातलं, जुनं, आता कोणी ठेवत नाही असं. ते मी इथे लिहीत नाही, ते त्यांचं आहे. मी माईक जवळ ओढला आणि सावकाश, हाक मारावी तसं वाचलं.

आणि कोपऱ्यातल्या खुर्चीतून काकूंनी 'ओ' दिली.